पुस्तकात नसलेलं वाक्य

गावातल्या चर्चच्या मंडळीला पाळक नव्हता, त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती. तीनदा बोलावणं धाडलं आणि तिन्ही वेळा, पुष्कळ प्रार्थना करून, समोरून नकार आला. बागवान क्राइनची बायको याकोमिना म्हणायची, "आपल्या गावाला वारा फार, आणि त्याहून माणसांच्या तोंडाला. कोण येतंय मरायला!" तेव्हापासून दर रविवारी दोन वेळा क्राइनच वाचत असे.

वाचत असे म्हणजे खरोखरच वाचत असे. उंच व्यासपीठावर चढायचा मान पाळकाचा. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक म्हणून क्राइनने खाली, लाकडी मेजामागे उभं राहायचं, दोनशे वर्षांपूर्वीच्या पाळकांच्या उपदेशांचं चामडी बांधणीचं पुस्तक उघडायचं आणि पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत म्हणून दाखवायचं. पदरचा एक शब्दही घालायचा नाही. जिवंत माणसाच्या तोंडाचा काय भरवसा? मेलेल्या देवमाणसाचे शब्द पारखून घेतलेले असतात, अशी त्या सगळ्या किनाऱ्यावरच्या मंडळ्यांची समजूत होती, आणि क्राइनचीही.

त्याला ते मानवलंही होतं. उभा जन्म नाशपातीच्या बागेत गेला. झाडांशी बोलायला शब्द लागत नाहीत. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. पुस्तक हातात असलं की मात्र आवाज ठाम निघायचा, जणू दुसऱ्याच कुणाचा.

त्याची पुतणी योझिना आणि तिचा नवरा मारिनस यांची पोर नेल पोलिओने गेली, तेव्हा ती पाच वर्षांची होती.

तिला पुरल्याला नऊ दिवस झाले, त्या गुरुवारी योझिना क्राइनच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. अंगातला कोट तिने काढला नाही. याकोमिनाने पुढे केलेली कॉफी तशीच निवत राहिली.

"काका, मला एकच सांगा. ती कुठंय?"

क्राइन टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत राहिला.

"देवाने तिला का नेलं ते मी विचारत नाही. ते विचारायचं नसतं, मला ठाऊक आहे. मारिनस तर म्हणतो, तोंडातून शब्द काढू नकोस, कान धरून कबूल कर की त्याने केलं ते बरंच केलं. बरं, केलं कबूल. पण ती कुठंय? तो निवडतो म्हणता ना तुम्ही? मग तिला निवडलं होतं की नव्हतं?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, बाळ."

"पाच वर्षांच्या पोरीचंसुद्धा?"

क्राइनच्या मंडळीची शिकवण त्याला तोंडपाठ होती: स्वर्गासाठी निवडलेले थोडे, आणि ते कोण हे एका देवालाच ठाऊक. वय त्यात कुठेच बसत नव्हतं. याकोमिना मधे पडली, "अगं, दोन घास खाऊन घे आधी. आरशात बघितलंस का स्वतःला? काठीला कोट अडकवल्यासारखी दिसतेस." पण योझिना उठली होती.

ती गेल्यावर क्राइनला वसंतातली ती संध्याकाळ आठवली. खरं म्हणजे ती त्याच्या मनातून कधी गेलीच नव्हती. सरकारी नर्स लस घेऊन दारोदार फिरत होती, आणि मारिनस आणि योझिना याच टेबलाशी येऊन बसले होते. पोरीला टोचून घ्यावं का? देवाने आजार धाडायच्या आधीच त्याच्या हाताला आडवं जाणं, हे पाप तर नव्हे? योझिना म्हणाली होती, "काका, तुम्हाला काय वाटतं?" क्राइनला काय वाटत होतं? त्याला वाटत होतं, टोचून टाका एकदाचं. पण तो एका अडाणी बागवानाचा विचार होता. त्याला कोण विचारतो? त्याने फळीवरून पुस्तक काढलं आणि 'निरोग्यांना वैद्याची गरज नाही' या वचनावरची दोन पानं वाचून दाखवली. ठाम आवाजात. नवराबायको आभार मानून घरी गेले. दुसऱ्या दिवशी नर्स त्यांच्या दारावरून पुढे गेली.

ऑगस्टमध्ये तो शहरातल्या इस्पितळात गेला होता. श्वास चालवणाऱ्या त्या लोखंडी पिंपातून नेलचं नुसतं डोकं बाहेर होतं. यंत्र हवा सोडी, तेवढ्यातच तिला बोलता येई. ती म्हणाली, "आजोबा," मग यंत्राने हवा ओढली, मग म्हणाली, "मी काय केलं?"

बस्स, एवढंच. काही फोडलं-सांडलं की घरात जसं विचारी, तसं. क्राइन हातातली टोपी फिरवत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

शनिवारी तो सकाळपासून पुस्तकांपुढे बसला. सात जाडजूड खंड, सगळे जुन्या काटेरी अक्षरांत छापलेले. दुःखावरचे उपदेश पुष्कळ होते. एकात दुःख म्हणजे बापाची छडी होती, एकात सोनाराची आगटी, एकात माळ्याची कात्री. या कात्रीपाशी क्राइन थांबला. त्याने साठ वर्षं कात्री चालवली होती. फांदी छाटतात ती झाडाच्या भल्यासाठी, हे खरं. पण छाटलेल्या फांदीचं काय, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. इतके शहाणे लोक, आणि एकालाही हे कसं सुचलं नाही? मग त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपण कोण लागून गेलो शंका काढणारे? चुकत असू तर आपणच.

शेवटी बायबलमधल्या दाविद राजाच्या मेलेल्या बाळावरचा उपदेश त्याला सापडला: 'मी त्याच्याकडे जाईन, पण ते माझ्याकडे परत येणार नाही.' त्यातल्या त्यात तोच मऊ होता. फक्त शेवटाकडे एक परिच्छेद होता, तो वाचून क्राइनने चष्मा काढून ठेवला. पण उपदेश मधूनच सोडता येत नाही. वाचायचा तर सगळा.

रविवारी चर्च भरलं होतं. काळे कोट, काळ्या टोप्या. स्तोत्र नेहमीसारखं इतक्या सावकाश म्हटलं गेलं की एका ओळीत माणसाने दोनदा श्वास घ्यावा. उपदेश सुरू होताना सगळीकडे पेपरमिंटच्या गोळ्या तोंडात गेल्या. तिसऱ्या बाकावर योझिना बसली होती. मारिनसने दिलेली गोळी तिच्या तळहातावर तशीच होती. ती रडत नव्हती. ती क्राइनच्या तोंडाकडे बघत होती; आगगाडीची वाट बघणारी माणसं रुळांकडे बघतात तशी.

क्राइन वाचत गेला. तो परिच्छेद आला. त्याने पहिला शब्द पाहिला, मान वर केली, आणि पुस्तकाच्याच आवाजात म्हणाला, "आयांनो, भिऊ नका. तुमची लेकरं त्याच्या कुशीत आहेत. त्यांतलं एकही त्याने खाली ठेवलेलं नाही."

मग त्याने पान उलटलं आणि पुढचं वाचलं. छत कोसळलं नाही. कुणीतरी खोकलं. तिसऱ्या बाकावर योझिनाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

जेवताना याकोमिना बटाटे वाढत म्हणाली, "आजचा लिहिणारा फार प्रेमळ होता हो."

"हं."

"पंचेचाळीस वर्षं संसार केलाय मी तुमच्याबरोबर. त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्यांनी आयांना कधी भिऊ नका म्हटलेलं मी ऐकलं नाही." तिने रस्सा पुढे सरकवला. "जेवा. मी काही बोलत नाही."

रात्री क्राइनला गाढ झोप लागली. कित्येक आठवड्यांत लागली नव्हती तशी.

सोमवारी सकाळी योझिना आली ती धावतच. याकोमिना मागे कपडे वाळत घालत होती. योझिनाने कोट खुंटीला लावला, न विचारता पाव घेतला, त्यावर लोणी फासलं आणि उभ्याउभ्याच खायला लागली.

"काका, ते पुस्तक द्या मला. दोन दिवसांत परत करते."

"कशाला?"

"ते वाक्य उतरून घ्यायचंय. लेकरं त्याच्या कुशीत आहेत ते. काल रात्री मी झोपले, काका! मारिनस म्हणतो, असं कुठल्याच पुस्तकात नसणार, तू दुःखात काहीतरीच ऐकलंस. म्हटलं, थांब, बोट ठेवून दाखवते. दोनशे वर्षांपूर्वीचा एवढा मोठा देवमाणूस, तो काय आपल्या मनचं लिहील?"

"त्याची अक्षरं जुनी आहेत. तुला लागायची नाहीत."

"एकेक लावीन की. मला काय घाई आहे? आता कुणाची वेणी घालायचीय सकाळी?" आणि ती चक्क हसली.

पुस्तक शिवायला दिलंय, असं सांगता आलं असतं. ते वाक्य सुबक अक्षरात लिहून, हे घे, मीच उतरून ठेवलंय, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही क्राइनच्या मनात आलं. पण पुस्तक टेबलावरच होतं, आणि तिने ते ओढून घेऊन उघडलंही होतं. कालची खूण तिथेच होती. तिचं लोणी लागलेलं बोट ओळींवरून हळूहळू सरकू लागलं. तिला एक अक्षर लागत होतं, तीन लागत नव्हती.

"कुठंय? दाखवा ना."

"योझिना, ते त्यात नाही."

"म्हणजे दुसऱ्या खंडात?"

"कशातच नाही. ते मी म्हणालो."

तिने आधी पाव खाली ठेवला. मग विचारलं, "तुम्ही? मनचं?"

"हो."

"तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणजे, प्रार्थना करताना काही आलं का मनात? काही वचन? सांगा ना. तसं असेल तरी चालेल मला."

"नाही गं."

"मग तुम्हाला तसं वाटतं? खरंच वाटतं, की ती तिथे आहे?"

आता नुसतं हो म्हणायचं होतं. क्राइनने तोंड उघडलं. त्याला पिंपाबाहेरचं ते डोकं दिसलं. ते ज्या देवाला दिसत होतं आणि तरी ज्याने हात हलवला नाही, त्याच्या कुशीबद्दल क्राइनला काय वाटत होतं? त्याची जीभ टाळूला चिकटली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघवेना, म्हणून म्हणालो."

योझिना शांतपणे म्हणाली, "वसंतात मला तुमचं मत हवं होतं, काका. तेव्हा तुम्ही पुस्तक वाचलंत."

तिने पुस्तक त्याच्याकडे फिरवलं. "आता तिथे खरं काय आहे, ते वाचा."

"नको."

"वाचा. मला ही अक्षरं येत नाहीत."

क्राइनने चष्मा चढवला. नाही म्हणायचा अधिकार आपण गमावला आहे, असं त्याला वाटलं. तो वाचू लागला, आणि आवाज आपोआप ठाम निघाला: "परंतु कोणा आईने खोट्या समाधानाची उशी करू नये. गर्भातूनच क्रोधास पात्र ठरलेली लेकरं पुष्कळ आहेत. तुझं त्यांतलं आहे की नाही, हे तुला कळणार नाही. तोंडावर हात ठेव, आणि गप्प राहा."

"पुढे?"

"पुढे दुसरा मुद्दा आहे."

तिने मान हलवली. खुंटीवरचा कोट काढला, एकेक बटण लावलं. दारात थांबली.

"येत्या रविवारी कोण वाचणार?"

"मीच. पण तू सांगितलंस मंडळीच्या वडीलधाऱ्यांना, तर..."

"मी काय सांगणार? सांगून तिचं काय होणार आहे?" ती म्हणाली. "येईन मी. दुसरीकडे जाऊ कुठे?"

दुपारी याकोमिनाने ताटं मांडली. दोघांनी हात जोडले, डोळे मिटले. त्या घरात जेवणाआधीची प्रार्थना क्राइन म्हणत असे, कुठल्याही पुस्तकाशिवाय, लहानपणी शिकलेली चार ओळींची. याकोमिना वाट बघत राहिली. बटाट्यांची वाफ हळूहळू विरली. तिने एक डोळा उघडून पाहिलं. क्राइनचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "मी म्हणू का?"

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिला कळलं नाही. काही वेळाने तिने हात सोडले, आणि दोघं तशीच जेवू लागली.