निळ्या शाईचे गोल

१९८२ सालची गोष्ट. ग्रोनिंगन या डच शहरातल्या इस्पितळात मी त्वचारोगाच्या वॉर्डात नर्स होते. चीज बनवणाऱ्या हार्म बूलेमाच्या शरीराचं संरक्षणच त्याच्या कातडीवर उलटलं होतं, आणि अंगभर फोड येत होते. रोज सकाळी मी प्रत्येक नव्या फोडाभोवती निळ्या शाईने गोल काढायची. गोल चाळीसच्या खाली कधी आले नाहीत. औषधं हरली होती. असंच चाललं असतं तर तो महिनाभरही जगला नसता.

मग डॉ. तूक यांनी त्याला नव्या यंत्राला जोडलं. यंत्राने त्याचं रक्त बाहेर ओढून वेगळं केलं: रक्तपेशी परत अंगात गेल्या, आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला घातक द्रव्यं असलेला पिवळा द्रव, पिशवीत साठला.

"सिस्टर, ही बिअर कुणाला पाजणार?" हार्मने विचारलं.

"गप पड, नाहीतर तुलाच पाजीन," त्याची बायको फेन्ना म्हणाली.

पाचव्या खेपेनंतरच्या सकाळी मी पेन उघडलं आणि तसंच धरून उभी राहिले. पाठ, मांड्या, तोंडाच्या आत, सगळीकडे दोनदा पाहिलं. नवा फोड एकही नव्हता. माणसाचं रक्त असं धुता येतं, हे मला प्रार्थनेपेक्षा मोठं वाटलं.

हार्म आजार ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या घेत आणखी एकवीस वर्षं जगला. डॉ. तूक निवृत्तीनंतर एका बेटावर राहायला गेले आणि तिथेच वारले. फेन्ना ब्याण्णव वर्षांची आहे, आणि नाताळला मला अजून चीज पाठवते.