मागच्या सीटवरचं ‘तू’

डाव्या बाजूचं रबर जास्त झिजलेलं होतं. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचा तो छोटासा दांडा आणि त्यावरची रबराची टोपी — उजवीकडची जवळजवळ कोरी, रेघा शाबूत, आणि डावीकडची मात्र इतकी गुळगुळीत की ओल्या फडक्याखाली ते रबर वाटेचना. म्हणजे बायको नेहमी डाव्या पायावर भार देऊन बसायची. म्हणजे उजवा गुडघा तेव्हापासूनच… त्याने फडकं पिळलं. इतकी वर्षं गाडी धुतली आणि हे दिसावं ते आज, गाडी देऊन टाकायच्या दिवशी. उरलेल्या रेघांमध्ये धूळ घट्ट बसली होती, काडीने टोकरून काढावी लागली. कितीतरी महिन्यांत त्या रबरावर कुणाचा पाय पडला नव्हता.

मोटरसायकल शर्यतीच्या बांध्याची. चालवणाऱ्याने टाकीवर जवळजवळ पालथं पडायचं, आणि मागे बसणाऱ्याने गुडघे पोटाशी घेऊन, उंचावर, तळहाताएवढ्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचं. ती तशी वर्षानुवर्षं बसली. मग हळूहळू तिला कामं निघायला लागली. तुम्ही व्हा पुढे, मी बसने येते. वाटेत भाजी घ्यायचीय मला. आज नको, केस धुतलेत. औषधांच्या दुकानात ती दिवसभर काउंटरमागे उभी असते. गुडघे धरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते समजावून सांगते, आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जिना उतरताना मात्र कठड्याला हात लावते. मी पाहतो ना.

तर ही गाडी द्यायची आणि बदल्यात दुसरी घ्यायची, असं ठरलं होतं. सरळ बसून चालवायची, रुंद सीटची, पुढे वारा अडवणारी काच आणि मागच्या माणसाला टेकायला पाठ असलेली. शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलीने फोटो पाहून तिचं नावच ‘सोफा’ ठेवलं. बाबा, तू आता उशी घेऊनच बस, असं फोनवर म्हणाली आणि बराच वेळ हसत राहिली. तोही हसला. मुलगी त्याला लहानपणापासून बिनदिक्कत तू म्हणते, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलेलं नाही.

गाडी बदलायचं कारण म्हणून त्याने स्वतःची कंबर पुढे केली होती. वाकून वाकून काटा ढिला झाला, आता सोसत नाही, वगैरे. खरं कारण सांगितलं असतं तर तिने गाडी देऊच दिली नसती. माझ्यापायी कशाला, तुमची एवढी एक आवड आहे, असं म्हणून मोकळी झाली असती. म्हणून कंबर. पण थाप पचली आणि अंगाशी आली. तिने दुकानातून कमरेचा पट्टा आणला, मलम आणलं, आणि रोज संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, स्वतः क्षणभर न टेकता, त्याला पालथं पाडून कंबर चोळायला लागली. अहो, हलू नका. अहो, इथे दुखतं की इथे? तो अंदाजाने ‘इथे’ म्हणायचा. धडधाकट कंबर, उशीत तोंड खुपसून चोळून घेताना त्याला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं, आणि त्या बरं वाटण्यातसुद्धा ते ‘अहो’ कुठेतरी बारीक काट्यासारखं… काटा कसला? आदराचा शब्द आहे. आदराने कुणाला टोचतं का?

त्याने गाडी कोरडी केली आणि कामावर गेला.

दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देणारी ती एक लहानशी जागा. खिडकीपाशी त्याचं टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेने आ वासून. आज त्याच्यापुढे परत आलेली एक कवळी होती. कुठल्याशा बाईंना ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते, अशी तक्रार. समोरच्या दातांमागची जागा त्याने अगदी कणभर घासली आणि सवयीने स्वतःच ‘स, सा, सी’ म्हणून पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा जोडीदार म्हणाला, अरे, तुझ्या तोंडात तुझेच दात आहेत, त्यांची शिट्टी तुला कशी ऐकू येणार. खरंच होतं ते. इतक्या लोकांची तोंडं तो भरून देतो आणि त्यातलं एकही बोलणं त्याच्या कानावर पडत नाही. या बाईंना ‘स’ कुणासाठी हवा असेल? नवऱ्याच्या नावात असेल. नाहीतर सुनेच्या. शब्द तोंडात बसावा लागतो, एवढं मात्र त्याला या धंद्याने शिकवलं होतं. आणि एकदा बसला की मग तो उपरा आहे हे जिभेच्याही लक्षात राहत नाही…

लग्नाआधी ती त्याला तूच म्हणायची. वरच्या मजल्यावर ही कवळ्यांची जागा, खाली औषधांचं दुकान, मधल्या जिन्यात ओळख. तुझ्या केसांत प्लास्टर आहे, हे तिचं पहिलं वाक्य. लग्न होऊन घरी आली, आणि पहिल्याच आठवड्यात पाहुणी आलेल्या मावशीने ऐकलं — ‘अरे, टॉवेल घेऊन जा तुझा.’ मावशी रागावली नाही, नुसती हसली, नवऱ्याला अरे-तुरे का गं, म्हणाली. त्या संध्याकाळी खोलीचं दार लोटून बायकोने मान खाली घातली आणि जुन्या नाटकातल्या सुनेचा आवाज काढून म्हटलं, ‘अहो, ऐकलंत का?’ दोघंही पोट धरून हसले होते. थट्टाच होती ती. मावशी होती तोवर थट्टा चालली, मग आईसमोर तेच सोयीचं पडायला लागलं, मग थट्टेतला आवाज गेला आणि शब्द राहिला. कधी, ते कळलंच नाही. आई सुनेला त्यावरून कधी एका अक्षराने बोलली नव्हती. आई गेली तेव्हा सगळ्या दुःखात एक चोरटा विचार त्याच्या मनात येऊन गेला, की आता घरात ऐकणारं कुणी उरलं नाही, आता कदाचित… आणि दुसऱ्याच दिवशी तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, अहो, घोटभर तरी प्या. इतक्या मायेने म्हणाली. तक्रार करायला जागाच नव्हती.

फक्त गाडीवर. ही गाडी घेतली तेव्हा पहिल्याच फेरीत त्याने वेग घेतला आणि वाऱ्यातून कानाशी आलं, ‘अरे हळू, पाडतोस की काय मला.’ ऐकलं, आणि त्याने गाडी आणखी पळवली. मग ते तसंच होत गेलं. हेल्मेट चढलं, वारा सुटला की तू. तू वळण चुकलास. तुला भूक लागलीय का. तू ना, कधी सुधारणार नाहीस. घरापाशी उतरून, हेल्मेट काढून, केस सारखे केले की पुन्हा — अहो, किल्ली आहे ना तुमच्याकडे? त्यासाठी तो लांबचा रस्ता घ्यायचा. जवळच्या रस्त्यावर खड्डे आहेत, अशी सबब तयार असायची. तिला हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. चालता चालता माणसाला स्वतःची पावलं दिसायला लागली की तो अडखळतो. तिला स्वतःचं तू दिसलं असतं तर तेही अडखळलं असतं. आणि तिला ठाऊक तरी होतं का? वाऱ्यात ओरडून बोलावं लागतं, ओरडताना माणूस आखूड शब्द धरतो, एवढंच असेल. मग नव्या गाडीवर काय होईल? काच वारा अडवेल. ओरडायचं कामच नाही. ती ऐसपैस टेकून बसेल, आणि घरात बसल्यासारखं बसलेलं माणूस बोलणार घरातल्यासारखंच. ज्या एका शब्दासाठी तिला पुन्हा मागे बसवायची ही सगळी खटपट, तो शब्द मी आज जुन्या गाडीबरोबर व्यापाऱ्याच्या हवाली करून येणार. …मूर्खा, गुडघा महत्त्वाचा की शब्द? गुडघा. अर्थातच गुडघा. त्याने कवळी पुन्हा घासायला घेतली आणि जोडीदार म्हणाला, बास कर आता, जेवायचंय त्या बाईंना त्याने.

दुपार कलल्यावर गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे तो जुनी गाडी घेऊन पोचला तेव्हा ती बसने आधीच आली होती आणि ‘सोफ्या’ची सीट गादी दाबून बघतात तशी दोन्ही हातांनी दाबून बघत होती. व्यापारी गोडबोल्या. वहिनी, बसून तर बघा, पैसे बघायला आम्ही बसलोच आहोत, असं म्हणून स्वतःच हसला. ती बसली. पाय उचलून टाकावा लागला नाही, नुसती वळली आणि बसली. पाय खाली आपोआप जागेवर गेले, पाठ टेकली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की त्याला खिडकीबाहेर बघावं लागलं. किती दुखत होतं हिला. किती दिवस.

“अहो,” ती म्हणाली, “तुमच्या कमरेला हीच बरी.”

सगळं पार पडलं. व्यापाऱ्याने किल्लीसाठी हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, थांबा जरा, आणि जुन्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. एक चक्कर मारायची, म्हणाली. इथेच, मागच्या आवारात. तो नको नको म्हणत होता, तुझ्याच्याने चढवणार नाही असं जवळजवळ तोंडातून निघालं होतं, आणि ते निघालं असतं तर कमरेची थाप तिथेच संपली असती, म्हणून गाडीवर जाऊन बसला. त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकून ती चढली. उजवा पाय वर घेताना तिचा श्वास एकदा अडकला, तो त्याने पाठीने ऐकला. मग तिचे हात त्याच्या पोटाभोवती आले. आवारात ओळीने लावलेल्या गाड्यांमधून तो इतका सावकाश चालला होता की वारा असा सुटलाच नाही. हेल्मेटं तर दोघांचीही व्यापाऱ्याच्या टेबलावर राहिली होती. आणि तरी, कोपऱ्यावर वळताना, अगदी कानाशी, न ओरडता —

“तुझी कंबर काही दुखत नाही. माहितेय मला.”

त्याने वेग आणखी कमी केला.

“पहिल्याच दिवशी कळलं. रोज नवीन जागा सांगायचास.” तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर होती. “किती दिवस चोळून घेणार होतास रे?”

“मग चोळत का राहिलीस?”

पोटावरचे हात तेवढे किंचित घट्ट झाले, आणि एवढ्यात चक्कर संपली. ती उतरली, पाय झटकला, केस सारखे केले, टाकीवरून एकदा तळहात फिरवला आणि व्यापाऱ्यासमोर म्हणाली, “अहो, द्या किल्ली.”

म्हणजे वारा नव्हे. हेल्मेट नव्हे. नव्या गाडीवर घराकडे निघाल्यावर तो याच एका गोष्टीपाशी घुटमळत राहिला. गाडी अशी चालली होती की चालल्याचं कळत नव्हतं. काचेपलीकडे वारा होता, इकडे नव्हता. ती मागे टेकून बसली होती, तिचा कुठलाही भाग त्याला लागत नव्हता, आणि इतक्या वर्षांनी पाठ उघडी पडल्यासारखी त्याला गार लागत होती. पण तिचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

सरळच जायचं ना? ती म्हणाली. थोड्या वेळाने, वाटेत दूध घ्यायचं का? मग सिग्नलला, घरात मलम उरलंय त्याचं आता काय करायचं?

“तुझ्या गुडघ्याला लावायचं,” तो म्हणाला. “मी लावत जाईन रोज.”

सिग्नल सुटला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं — जायचं, घ्यायचं, करायचं. निघाल्यापासून तिच्या एकाही वाक्यात तो नव्हता, तू म्हणूनही नाही आणि तुम्ही म्हणूनही नाही. पाण्याने भरलेल्या रस्त्यातून कोरड्या जागा शोधत पावलं टाकावीत तशी ती वाक्यं शोधून शोधून टाकत होती. या गाडीवर हा माणूस कोण, हे तिचंही ठरलं नव्हतं. तिलाही ठाऊक होतं, सगळं, पहिल्यापासून. आणि मी? मी कधी ठरवलं? मी तिला जिन्यात तू म्हणालो, आईसमोर तू म्हणालो, मावशीसमोर, मुलीसमोर, गाडीवर, घरात, आणि त्यावर कुणी कधी हसलं नाही. मला शब्द निवडावाच लागला नाही. ही एकटी इतकी वर्षं आत अहो आणि बाहेर तू, अशी ये-जा करत राहिली, गुडघ्यासारखंच, चकार शब्द न काढता. आणि मी मागच्या सीटवरून काय मिळतं तेवढं मोजत बसलो.

तुला वाटेल ते म्हण मला, असं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं… पण ते तरी काय, मावशीने एक सांगितलं, आता नवऱ्याने दुसरं सांगायचं. पुढचं वळण जवळच्या रस्त्याचं होतं, ते त्याने घेतलं. सबब काढून लांबून न्यायचा आज धीर झाला नाही, आणि गरजही वाटली नाही.

मागे हालचाल झाली. टेकलेली ती पुढे सरकली असावी, कारण तिचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटला हलकेच लागलं. तिने श्वास घेतला, तो इतक्या जवळून त्याला ऐकू आला.

“अ…” ती म्हणाली, आणि थांबली.

अहोचा अ असाच असतो. अरेचाही असाच. त्याने मान वळवली नाही, आरशात पाहिलं नाही. घेऊ दे तिला वेळ. जे येईल त्याला ओ द्यायची, त्याने मनाशी म्हटलं, आणि जिवाचा कान करून तो गाडी चालवत राहिला.