निळ्या गाडीचा घसा

मला दोन प्रकारच्या माणसांचा राग येतो. गाडीतून आवाज यायला लागला की गाणी मोठी करणाऱ्यांचा, आणि ज्यांना तो आवाज ऐकूच येत नाही त्यांचा. अडतीस वर्षं गॅरेज चालवतोय. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी वळतं तेव्हाच मी सांगतो, पुढचं डावं बेअरिंग गेलंय. म्हणून सगळे मला कानसेन म्हणतात. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण नाव कानसेन. बायको म्हणते, "बाहेर कानसेन आणि घरात बहिरा." आता तिच्याशी कोण वाद घालणार?

आमची लेक मोटारींच्या मासिकात लिहिते. सहा वर्षं तिने टायरमध्ये हवा किती भरावी आणि वायपर कधी बदलावेत एवढंच लिहिलं. मला ते सगळं पाठ आहे, कारण प्रत्येक अंक मी गॅरेजच्या काउंटरवर मुद्दाम उघडा ठेवतो. तर या वर्षी तिच्या संपादकांनी तिला पहिल्यांदा मोठं काम दिलं. दोन स्पोर्ट्स गाड्या, एक लाल, एक निळी, एकमेकींच्या कट्टर वैरिणी. शर्यतीत कुठली जिंकते ते सगळ्यांचं लिहून झालं होतं. हिने लिहायचं होतं की रोज कामाला जाणाऱ्या, भाजी आणणाऱ्या, आईला दातांच्या डॉक्टरकडे नेणाऱ्या माणसाने यातली कुठली घ्यावी, कुठली चालवताना जास्त मजा येते आणि कुठली पदरी पडल्यावर छळत नाही. लेख जमला तर दर महिन्याचं तुलनेचं पान तिचं. नाही जमला तर पुन्हा वायपर. संपादक हे हसत हसत म्हणाले होते, पण तो माणूस सगळंच हसत म्हणतो.

सोमवारी दोन्ही गाड्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. गल्लीतली माणसं उगाचच दोन-दोन फेऱ्या मारायला लागली.

"बाबा," लेक म्हणाली, "तुमचं काम एकच. दोन्ही गाड्या बघायच्या आणि दहा वर्षांनी कुठली रडवेल ते मला सांगायचं. बघायचं फक्त. कशालाही हात लावायचा नाही. मी दोन्ही कंपन्यांना तशी सही करून दिलीय."

"मी काय लहान आहे का?"

"लहान असतात तर चाललं असतं, कुलूप लावून ठेवलं असतं."

आई आणि मुलगी दोघीही हसल्या. मी हसलो नाही.

आता गाड्यांचं सांगतो. लाल गाडी म्हणजे नुसती आग. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. पण आमच्या वळणावरच्या गतिरोधकावर तिचं पोट घासलं तेव्हा माझ्याच पोटात कळ आली. बायको शिवणकाम करते. लेकीने तिचं शिलाई मशीन डिकीत घालून बघितलं, तर लाल गाडीची डिकी लागेचना. सीटवर बसताना बायको म्हणाली, "अगं, ही खुर्ची आहे की विहीर? उतरताना दोर सोडा." ऑइल फिल्टर बदलायचा तर बंपरखालचं अख्खं पत्र्याचं ताट काढावं लागतं. मी वाकून बघितलं आणि ज्याने ती आखली त्या अतिशहाण्या डोक्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

निळीची ताकद कमी. कागदावर ती सगळीकडे हरते. पण अंगाने हलकी, काचांतून चारही बाजू दिसतात, गिअर असा पडतो की वाटतं आपणच हुशार आहोत. मशीन डिकीत बसलं. फिल्टर हाताशी. लेक तिन्ही दिवस दोन्ही गाड्या आलटून पालटून ऑफिसला नेत होती आणि वहीत लिहीत होती. मला वही दाखवली नाही. "आधी तुमचं मत द्या, मग माझं बघा. नाहीतर तुम्ही माझी कॉपी कराल." ऐका! ज्या पोरीला क्लच म्हणजे काय ते मी शिकवलं, ती मला कॉपीबहाद्दर म्हणते.

बुधवारी दुपारी लेक लाल गाडी घेऊन गेली. निळी दारात होती. किल्ली मला दिली होती, जवळपास एक चक्कर मारून मत द्यायला. मी चक्कर मारली. आणि तिसऱ्या गिअरला, गाडीने जरा वेग घेतल्यावर, डॅशबोर्डच्या मागून डावीकडून आवाज आला. घोगरा. घसा खाकरल्यासारखा. पाय काढला, आवाज गेला. पाय दिला, आला.

एवढी सुंदर गाडी, आणि आवाज!

परत आलो, बॉनेट उघडलं. बघायला परवानगी होतीच. इंजिनमध्ये हवा जाते त्या नळीतून मनगटाएवढा एक रबरी पाईप बाजूला निघाला होता आणि सरळ केबिनच्या भिंतीला जाऊन टेकला होता. पलीकडे काही नाही. ना पंखा, ना यंत्र. कुठेच न जाणारा पाईप! मी तीनदा बोट फिरवून बघितलं. हवेबरोबर इंजिनचा आवाजही या पाईपमधून थेट माणसांच्या कानाशी जात होता. म्हटलं, आखणाऱ्याने काहीतरी जोडायचं ठेवलं आणि जोडायचं विसरला. मोठ्या कारखान्यात असंच असतं, याने त्याच्यावर टाकलं, त्याने याच्यावर.

हात शिवशिवायला लागले. सही आठवली, नाही असं नाही. पण माझ्या दारातून आवाज करत गाडी गेलेली नाही, अडतीस वर्षांत नाही. आणि मला वाटलं, पोरीच्या पहिल्या मोठ्या कामात ही खोट कशाला? पाईप आवळणारा क्लँप सैल केला. बायकोच्या डब्यात कोटाच्या खांद्यात घालायची पॅड असतात, त्यातलं एक गुंडाळून पाईपमध्ये सारलं. क्लँप परत कसला. दहा मिनिटांचं काम. चक्कर मारली. गाडी गप्प. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने म्हणालो, "वा रे पठ्ठ्या!"

लेकीला बोललो नाही. म्हटलं, उद्या तिलाच कळेल, गाडी कशी लोण्यासारखी झालीय. मग विचारेल, आणि मग सांगू.

गुरुवारी शेवटची फेरी होती. संपादक स्वतः आले. शहराबाहेरच्या घाटात दोघं आधी लाल घेऊन गेले, मग निळी. संध्याकाळी पान छापायला जायचं होतं. दोन्ही गाड्या गॅरेजसमोर लागल्या आणि संपादक उतरत उतरतच म्हणाले, "प्रश्नच नाही. लाल. निळी गुणी आहे, पण मुकी आहे गं. मजा कुठाय? चल, दोन्ही गाड्यांच्या गुणांचे आकडे दे, मी ऑफिसला कळवतो."

लेक निळीच्या दाराशी उभीच होती. किल्ली तिच्या हातात.

"सर, आकडे नाही देता येणार."

"म्हणजे?"

"ही काल सकाळची निळी नाही."

संपादक हसले. "गाडीला काय मूड असतो का? बाई, सहा वाजलेत."

मी चिंधीने हात पुसत होतो, ते तसेच राहिले. लेकीने वही उघडली आणि वाचायला लागली. शब्द न् शब्द सांगतो, कारण ते माझ्या कानांत अजून आहेत. "मंगळवार. तिसरा गिअर, इंजिनचे फेरे साडेतीन हजारांच्या पुढे. डावीकडून एक घोगरा सूर येतो. मुद्दाम पाईप टाकून इंजिनचा आवाज आत आणलाय. इथे गाडी गुणगुणायला लागते. साधं बँकेत जाताना मी या सुरासाठी एक वळण जास्तीचं घेतलं. लाल गाडीला मजा द्यायला शर्यतीचा रस्ता लागतो. हिला बँकेचा रस्ता पुरतो."

वही मिटून ती म्हणाली, "तो सूर आज नाहीये. का नाही ते मला माहीत नाही. पण होता, आणि आज नाही. मी आज लालला जिंकवलं तर ते खोटं असेल. निळीला जिंकवलं तर आजची गाडी तसं म्हणत नाही. म्हणून आकडे नाहीत."

"पान कोरं सोडू?" आता ते हसत नव्हते. "पहिल्याच लेखाला? तुला कळतंय ना काय म्हणतेयस?"

"कळतंय."

मुद्दाम टाकलेला पाईप! ज्याला मी आजार म्हणालो तो त्या गाडीचा गळा होता, आणि मी त्यात बोळा कोंबला होता. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? गुपचूप पॅड काढलं असतं, गाड्या परत गेल्या असत्या. बोललो तर तिची सही मोडली असं होणार, आणि कानसेनचं नाव मातीत. दोन्हीकडून पोरीचंच नुकसान. पण ती उभी होती बघा, एकटी, संपादकांसमोर, फक्त आपल्या कानाच्या भरवशावर. आणि तिचा कान बरोबर होता. माझ्या पोरीचा कान बरोबर होता!

"मी केलं," मी म्हणालो. "काल दुपारी. मला वाटलं बिघाड आहे."

मी बॉनेट उघडून क्लँप सोडला आणि पॅड बाहेर ओढलं. बायको दारातून ओरडली, "अहो, माझं पॅड! ते गिऱ्हाइकाच्या कोटाचं आहे!" एरवी मी हसलो असतो.

लेक माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता फाडून खाईल, आणि खायलाच हवं होतं. तिने फोन काढला. निळ्या गाडीच्या कंपनीतल्या इंजिनिअर बाईंना लावला, आमच्या सगळ्यांसमोर. एक शब्द लपवला नाही. "माझ्या वडिलांनी पाईप बंद केला होता, आता मोकळा केलाय. सही माझी होती, चूक माझ्याकडे धरा. तुम्ही म्हणाल तर लेख रद्द." मग बाईंनी पाईपचे फोटो मागवले, ते बघितले, आणि सांगितलं की जोडणी ठीक आहे, पुन्हा चालवून बघा. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की मासिकात आणखी कुणी हा आवाज वहीत लिहिलाय का. संपादकांना सांगावं लागलं, नाही.

"सर, चला," लेक म्हणाली. "तुम्ही चालवा."

दोघं निळी घेऊन गेले. मी पायरीवर बसलो. बायको शेजारी येऊन बसली. पॅडला लागलेलं ऑइल नखाने खरवडत राहिली. पाऊण तासाने निळी गल्लीत वळली. जेवढ्या वळणांनी यायला हवी होती त्यापेक्षा एक वळण जास्त घेऊन आली, ते मला लांबूनच ऐकू आलं. संपादक उतरले आणि म्हणाले, "लिही. तुझ्याच मनाने लिही." मग माझ्याकडे बघून लेकीला हळूच म्हणाले, "पण ते वडिलांचं वगैरे नको छापायला. उगाच त्यांचं हसं."

लेकीने मला विचारलं, "बाबा, काय करू? मला ते लिहायचंय. नाहीतर मला निळी आवडली, एवढंच राहील. ती का आवडली ते तुमच्या चुकीमुळे सिद्ध होतंय. पण तुमचं नाव जाईल."

आयुष्यभर ज्या नावावर मिशीला पीळ दिला ते नाव. द्यायचं जड गेलं, खोटं कशाला बोलू.

"छाप," मी म्हणालो. "आणि नीट छाप. बारीक अक्षरात नको."

तिने छापलं. अंक आला तेव्हा पहिलंच वाक्य असं होतं: "चार दिवसांत निळ्या गाडीत एकच दोष सापडला, आणि तो माझ्या वडिलांनी बसवलेला होता."

झालं! बाजारभर झालं. पेट्रोल भरणारा हसतो, न्हावी हसतो, समोरचा पंक्चरवाला तर येता-जाता विचारतो, "काय, आज कुणाचं तोंड बंद केलं?" पूर्वी कुणी माझ्या कामाला नाव ठेवलं तर मी पाना घेऊन अंगावर गेलो असतो. आता मी काउंटरवरचा अंक उचलतो, पान उघडतो, त्याच्या नाकासमोर धरतो.

"हो, दोष बसवणारा मीच," मी सांगतो. "पण तो पकडला कुणी, ते वाच की, गाढवा!"