दरीकडे पाठ

ब्याण्णव साली पावसाळा सरल्यावर अंबरनाथहून आमची यात्रेची बस निघाली. सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर करून आम्ही हद्द ओलांडली आणि नेपाळात आलो. परदेश म्हणायचा तो आम्हाला एवढाच माहीत, पण आमच्या कोणाच्याच घरात तोवर तोही कोणी पाहिला नव्हता.

सगळं जमवलं होतं भीमरावदादांनी. केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले, आणि विहारात वंदना तेच घ्यायचे. गाडी बदलापूरची. ड्रायव्हर बारकू बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरचा, वाघोबाला मानणारा. निघायच्या दिवशी दादांनी त्याला गाडीतला देवीचा फोटो आणि बंपरचं लिंबू-मिरची काढायला लावलं. त्याने मुकाट काढलं. वाटेत दोघांचं बरं चाललं होतं. दादा त्याला वाघोबाचे जावई म्हणून हाक मारायचे, आणि तोही हसायचा.

सकाळी लुंबिनी पाहिली. अशोकाचा खांब, तलाव, झाडांना बांधलेल्या रंगीत पताका. माझे मालक शिवराम खांबाजवळ जाऊन लहान पोरासारखे रडले. तिथून पुढे पाल्प्याला जायचं, बर्फाचे डोंगर बघायचे आणि संध्याकाळी परत, असा बेत होता. क्लीनर तापाने फणफणला होता. त्याला धर्मशाळेत ठेवून आम्ही निघालो.

बुटवल सोडलं आणि रस्ता घळीत शिरला. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला दरी, खाली नदी. कड्याच्या पायथ्याशी कोण्या बाबाचं छोटं देऊळ होतं. वर जाणारी एकूण एक गाडी तिथे थांबत होती. ट्रकवाले उतरायचे, कड्यावरून दगड येऊ नयेत म्हणून हात जोडायचे, मगच पुढे जायचे. बारकूनेही थांबवली. सीटखालून नारळ काढला, त्याच्या बायकोने, नवसीने, घरून दिलेला.

दादा पुढे आले. आपल्या गाडीत हे चालणार नाही, असं ठरलं होतं ना, म्हणाले.

"नारळ माझा हाय, दादा. तुमी नका उतरू. तिकडं बघू पन नका."

"लुंबिनीची माती अजून पायाला आहे आमच्या, बारकू. तासाभरात इथे नारळ?"

दादांना मी दोष देत नाही. त्यांच्या बापाला देवळाच्या पायरीवर मारलेलं त्यांनी लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही सगळ्यांनीच छप्पन्न साली देव सोडलेले. पण मग त्यांनी नारळ त्याच्या हातातून घेतला, गाडीच्या लोखंडी पायरीवर फोडला आणि खोबरं वाटलं. पोरं हसली. एकजण म्हणाला, बाबाचा वाटा इकडे द्या. मीही खाल्लं. बारकूपुढे तुकडा धरला, तेव्हा त्याने तोंड फिरवलं आणि गाडी चालू केली.

मला गाडी लागते म्हणून मी ड्रायव्हरशेजारी बसायचे. तिथून मला दिसत होतं. बारकू रस्त्याकडे कमी आणि कड्याकडे जास्त बघत होता. कडा अजून ओला होता. मधेच टपावर खडा वाजायचा आणि त्याचा पाय ब्रेकवर जायचा. मागची माणसं आपटायची, त्याला शिव्या घालायची. एका वळणावर गाडी दरीकडे एवढी गेली, की शिवरामांनी खिडकीतून डोकं आत घेतलं.

मी हळूच विचारलं, "भ्यालास का रे?"

"मी नाय भ्यालो, मावशे. हात भ्यालेत."

मी मागे जाऊन दादांना सांगितलं. परत फिरूया, पोराची नजर रस्त्यावर नाही. दादा हळू म्हणाले, "वहिनी, दगडाला भिऊन परत फिरलो, तर ही पोरं जन्मभर फिरतील." मी पुढे येऊन बसले आणि बारकूला त्याच्या भाताचं विचारत राहिले. कापणी कोण करतंय, म्हैस व्याली का. तो एकेका शब्दात सांगत होता. त्याची नजर थोडी खाली आली.

दोन वळणं झाली आणि पुढे रस्ताच नव्हता. कड्याचा लचका तुटून मातीसकट खाली आला होता. पलीकडे एक पोलीस शिट्टी फुंकत हातवारे करत होता. मागे फिरा, कोणी उतरू नका. दगड अजून येत होते. एक मागच्या काचेवर बसला आणि काचेला तडा गेला. बायका पोरांना छातीशी धरून सीटखाली वाकल्या.

गाडी तिथल्या तिथे वळवायची होती. बारकूने गाडीचं तोंड कड्याला लावलं. आता पाठ दरीकडे. मागे बघून सांगायला क्लीनर नव्हता. दादा कोणाला न विचारता उतरले, मागे गेले आणि पत्र्यावर थाप मारून ओरडले, "येऊ दे."

गाडी हलली नाही. इंजिन गुरगुरत होतं आणि बारकूचा पाय ब्रेकवर होता. दादा पुन्हा ओरडले. मग त्याच्या खिडकीखाली येऊन म्हणाले, अरे, भरपूर जागा आहे, पाय का काढत नाहीस?

बारकू त्यांच्याशी बोललाच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "यांचा कशावरच इस्वास नाय, मावशे. मी यांच्यावर कसा ठेवू?"

दादांनी ते ऐकलं. टपावर माती सांडल्याचा आवाज आला. त्यांनी एकदा गाडीतल्या सगळ्यांकडे पाहिलं आणि मागे गेले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मागच्या चाकापाशी, चाकाच्या आणि दरीच्या मधे, ते उभे राहिले. चाक आणखी मागे आलं, तर आधी ते जाणार होते.

"बारकू, आरशात बघ. मी इथे आहे. आता येऊ दे."

बारकूने आरशात पाहिलं. मग ब्रेक सोडला. गाडी वीतभर मागे गेली, आणखी वीतभर. दादा मागे सरकत होते, हात वर धरून, तोंडाने एकसारखं येऊ दे, येऊ दे. शिवराम डोळे मिटून बसले होते. मी आरशातले दादा बघत होते. त्यांच्या टाचेखालून खडे सुटून खाली जात होते आणि खाली पोचल्याचा आवाज येत नव्हता.

"बस," दादा म्हणाले. गाडी थांबली. बारकूने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी उताराला लागली. दादा धावत येऊन चढले, माझ्यामागच्या सीटवर बसले आणि पाण्याची बाटली मागितली. झाकण त्यांना उघडेना. मी उघडून दिलं.

तेव्हा बारकूने आरशात पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. दादा जिथे उभे होते, ती रस्त्याची कड तिथे नव्हती. सूपभर माती जावी तशी गेली होती, आणि कडेचं गवत मुळासकट दरीत लोंबत होतं.

बारकूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, त्यांना सांगू नको म्हणून. पुढचा सगळा उतार त्याने एकदाही वर कड्याकडे पाहिलं नाही. मागे दादा विचारत होते, आज राहिलं ते उद्या दुसऱ्या वाटेने जमेल का.