थोरल्याच्या नावावर

"तुमच्या नावावर मारामारीची नोंद आहे," परवान्याच्या खिडकीपलीकडचा कारकून ह्यांना म्हणाला आणि मी हसले. हसायला नको होतं, पण आवरलं नाही. आमचे हे म्हणजे झुरळ दिसलं तर त्याला वाट करून देणारा माणूस.

"वाचा तरी," मी म्हटलं.

कारकुनाने वाचलं. एकोणीस वर्षांपूर्वी एका हॉटेलाबाहेर भांडण. बाटलीने एकाचं डोकं फोडलं, नऊ टाके. माफीनामा लिहून देऊन सुटका. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं ह्यांचंच.

"मी दारूला शिवत नाही," हे म्हणाले. तेवढंच. बोलायच्या वेळी ह्यांच्या तोंडाला कुलूप, म्हणून तर मी सोबत गेले होते. कामावरही ह्यांना कुलूपच म्हणतात. दागिन्यांच्या कारखान्याच्या फाटकावर चोवीस वर्षं उभे आहेत आणि ओळखपत्राशिवाय एक माणूस आत गेलेला नाही. एकदा मालकाच्या जावयालाच अर्धा तास उन्हात थांबवलं होतं. मालकाने पाठ थोपटली. जावई मात्र अजून ओळख दाखवत नाही.

आता विमा कंपनीचं फर्मान आलं होतं, की फाटकावरच्या माणसाकडे स्वतःच्या नावाचं, परवान्याचं पिस्तूल हवं. महिनाअखेर परवाना दाखवा, नाहीतर घरी बसा. ह्यांना पिस्तुलाचं कौतुक नव्हतं, उलट धाकच होता. पण पन्नाशीला, दुखरा गुडघा घेऊन, दुसरं फाटक कोण देणार? आजवर ह्यांचं हत्यार म्हणजे माझ्या सासऱ्यांची काठी. सासरे शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होते. ते गेल्यावर घर भावजींना मिळालं आणि ह्यांनी काठी मागून घेतली. "बाबांचा हात लागलाय तिला," म्हणाले. मी कपाळावर हात मारला होता.

"नावात नाव मिसळलं असेल," कारकून जरा नरमला. "होतं असं. अभिलेख कक्षातून जुने कागद काढा आणि चूक दाखवून द्या. पंधरा दिवसांत आला नाहीत तर अर्ज फेटाळतील. आणि फेटाळल्याचीही नोंद राहते, बरं का."

संध्याकाळी ह्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. भावजी शाळेत मुख्याध्यापक. कागदपत्रांचं काही असलं की त्यांना विचारायचं, असं आमच्याकडे ठरूनच गेलेलं.

"दादा, कशाला जुनं उकरत बसतोस?" भावजी म्हणाले. "गुडघ्याने असाही बेजार आहेस. सोड ती नोकरी. शाळेत बघतो मी तुझं काहीतरी."

"नोकरीचं राहू दे रे. पण मी डोकं फोडलं असं लिहिलंय तिथे. ते तसंच ठेवू?"

"कोण वाचतंय ते?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण भावजीच ते, म्हणून मी तिला हुसकून लावलं.

अभिलेख कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला हे काठी टेकत, कठड्याला धरून चढले. चौथ्या खेपेला तिथल्या बाईंनी एक पिवळी फाईल समोर ठेवली. तेव्हा फोटो काढत नसत, त्या म्हणाल्या. दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि घरच्या कोणीतरी येऊन ओळख पटवायची. ठशांच्या खाली तसा जबाब होता. 'वरील इसम माझा थोरला मुलगा असून मी त्यास समक्ष ओळखतो.' त्याखाली सही.

मी मजकूर वाचत होते, हे सही बघत होते. शेवटच्या अक्षराखाली दोन रेघा आणि एक टिंब. ह्यांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तीच सही आहे. मीही ती ओळखली. दवाखान्याच्या कागदांवर सासऱ्यांचा थरथरता हात धरून मीच ती करून घेत असे.

"तुमच्या वडिलांना मुलगे किती?" बाईंनी विचारलं.

"दोन."

बाई चष्मा काढून पुसत बसल्या.

मी तारीख पाहिली. भावजींना शाळेची नोकरी लागली त्याच्या अकरा दिवस आधीची. तेव्हा त्यांचीही चौकशी झाली होती आणि चारित्र्याचा दाखला धुतल्या तांदळासारखा आला होता. पहिल्या दिवशी घालायला नवा शर्ट ह्यांनीच घेऊन दिला होता. भावजींना जरा सैल झाला, म्हणून हे स्वतः बदलून आणायला गेले होते.

आम्ही तसेच भावजींकडे गेलो. ह्यांनी कागदाची प्रत टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. भावजींनी कागद उचललाही नाही.

"मी घाबरलो होतो, दादा. तुझं नाव तोंडून निघून गेलं. सकाळी बाबा आले. मला वाटलं, ते खरं सांगतील. ते मला म्हणाले, आता तेच राहू दे. तुझं वय निघून चाललंय, ही नोकरी गेली तर परत मिळायची नाही. थोरल्याला कुठे साहेब व्हायचंय?"

"भावजी," मी म्हटलं, "दोन वर्षं मी त्यांचं सगळं केलं. सगळं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही?"

"वहिनी, आत्ता कुठे मुख्याध्यापक झालोय. हे बाहेर आलं तर मी संपलो."

ह्यांनी एकच विचारलं. "मला सांगावं, असं नाही वाटलं त्यांना?"

भावजी खाली बघत म्हणाले, "मी म्हटलं होतं, सांगू या. ते म्हणाले, कळलं तरी तो काही बोलणार नाही."

हे खुर्चीत बसले. इतका वेळ बसले नव्हते. सासऱ्यांनी मुलाला बरोबर ओळखलं होतं, आणि नेमकं तेच वापरलं होतं. मला त्यांचा असा राग आला, की ते समोर असते तर मी वय पाहिलं नसतं. पण राग काढायला माणूस शिल्लक नव्हता. त्यांची काठी तेवढी ह्यांच्या मांडीवर आडवी होती.

चौदाव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या खिडकीशी गेलो. कारकुनाने ह्यांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि जुन्या कागदाशेजारी धरले. आंधळ्यालाही फरक कळला असता.

"तुमचे नाहीत," तो म्हणाला. "पण मग कोणाचे, ते इथे लिहावं लागेल. रकाना रिकामा सोडलात तर प्रकरण अडकेल."

माझ्या पिशवीत फोन थरथरत होता. सकाळपासून भावजींचाच. मी लिहा म्हणाले नाही, नका लिहू म्हणाले नाही.

ह्यांनी फाटकावरच्या वहीत लिहितात तशा गोल, सुट्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, सख्खा भाऊ. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सहीशेजारी वेळ टाकली. सवयच ती. कागदाच्या कडेला काळी बोटं उमटली.

आम्ही जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा कारकुनाने मागून हाक मारली. "अहो, काठी राहिली तुमची."

हे वळले नाहीत.

"माझी नाही ती," म्हणाले आणि गुडघा सावरत, माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरू लागले. त्या दिवशीच्या साडीवर चार बोटांचे शाईचे डाग आहेत. धुऊन गेले नाहीत.