नळीतला पांढरा क्षार

मित्रांनो, मी नशिराबादजवळच्या मळ्यातली एक जुनी ठिबक नळी आहे. सांगायला लाज वाटते, पण माझ्यामुळे एका म्हातारीवर आळ आला आणि मी गप्प पडून राहिले.

मोठ्या मळ्याला वेगळ्या नळ्या आहेत; घरामागच्या साठ केळींना मात्र मी एकटीच पाणी देते. माझा कॉक उघडायचं काम बेबाबाईंचं. मळा भूषणचा, त्या त्याच्या आत्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. नऊ वर्षं आमचं छान जमलं. भूषण पाण्यातून पोटॅश खत सोडायचा. तोही क्षारच, पण पाण्यात चटकन विरघळणारा. माझ्यातून सुखाने निघून जायचा. सगळे क्षार असे गुणी नसतात. आमच्या विहिरीच्या पाण्यात चुना विरघळलेला आहे. उन्हात मी तापले की त्याचा न विरघळणारा पांढरा क्षार बनतो आणि थेंब सोडणाऱ्या ड्रिपरच्या बारीक भोकात चिकटून बसतो. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

या मे महिन्यात केळीची पानं पिवळी पडून लोंबली. भूषण चिडला. "अक्का, तू कॉक उघडायचं इसरते. राहू दे, मीच पाहीन."

"रोज उघडते रे," अक्का म्हणाल्या. मग हळूच पुटपुटल्या, "का नसन उघडला?"

त्या दिवसापासून भाजीत मीठ टाकलं का, हेही त्या दोनदा विचारू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाभर भूषणने स्वतः पाणी सोडलं, तरी पानं सुकतच गेली. त्याची बायको डिंपल शाळेत विज्ञान शिकवते. तिने माझा एक ड्रिपर उघडून त्यावर अ‍ॅसिडचे थेंब टाकले. फसफस झाली. वायू उडाला आणि हट्टी क्षाराचा नवा, पाण्यात विरघळणारा क्षार झाला.

"मोठ्या मळ्यातल्या नळ्या दरवर्षी अ‍ॅसिडनं धुता," ती म्हणाली, "मग हिले कोण धुणार?"

भूषण मान खाली घालून अक्कांकडे गेला. "अक्का, तू नव्हती इसरली. नळी चोंदली व्हती. धुवायचं मीच इसरलो."

मित्रांनो, नळ्या वेळेवर धुवा. आणि कोणाला विसराळू म्हणण्याआधी एकदा नळी उघडून पाहा.

भूषणने मला अ‍ॅसिडनं धुतलं आणि माझ्यातला क्षार तासाभरात वाहून गेला. हळूहळू केळी हिरव्या झाल्या. कॉक पुन्हा अक्काच उघडतात. पण उघडला की रोज भूषणला हाक मारतात, "पाहून घे रे बाबा, उघडला ना मी?"