चौथी फेरी

शेवटी मैदान वाचलं. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण त्या शनिवारी दुपारी फरीदाबादच्या कम्युनिटी हॉलच्या दारात लतिका सबनीस हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या, समोर सरकारी कार्यालयातले राणासाहेब फाइल घेऊन उभे होते, आणि हॉल एकच होता.

"मॅडम, यहाँ जनसुनवाई है. नोटिस में यही जगह, यही टाइम छपा है."

"और बुकिंग मेरी है. संक्रांत का हल्दी-कुंकू. रसीद दिखाऊँ?"

हॉलशेजारच्या सरकारी मैदानावर पाच मजली पार्किंग उभं राहणार होतं. त्याआधी नागरिकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा नियम होता. मागच्या सुनावणीला तिघे आले होते, त्यातला एक समोशासाठी. राणासाहेब तशाच निवांत दुपारच्या तयारीने आले होते.

लतिकाताईंना ते मैदान हवं होतं ते यजमानांसाठी. गेल्या वर्षी विश्वासरावांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते काठी टेकत मैदानाला फेऱ्या घालत. सुरुवातीला गेटपासून बाकापर्यंत पोचण्यातच संध्याकाळ संपायची, आता तीन फेऱ्या होत होत्या. चालणं थांबलं की पायही थांबेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरातला पॅसेज तर एवढा आखूड की त्यात चालण्यापेक्षा वळणंच जास्त. हे सगळं सुनावणीत सांगायचं लतिकाताईंनी ठरवलं होतं. पण नोटीस लागली तेव्हा हळदीकुंकवाची आमंत्रणं जाऊन चुकली होती. आणि दिलेलं आमंत्रण फिरवण्यापेक्षा मैदान गेलेलं परवडलं, अशा घरात त्या वाढल्या होत्या.

"होल्ड कीजिए," त्या राणासाहेबांना म्हणाल्या. ही नोकरीतली सवय. तीस वर्षं त्यांनी एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं होतं. दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण मधे बोलायचं नाही, असं ते काम.

आत जाऊन त्या परत आल्या. "आइए. जूते बाहर."

आत सेक्टरमधल्या झाडून सगळ्या बायका होत्या. राणासाहेबांच्या हातावर तिळगूळ पडला.

"इसे खाके मीठा बोलना पड़ता है," लतिकाताई म्हणाल्या. "हमारे भी नियम हैं."

राणासाहेबांनी तो तोंडात टाकला. वडी चिक्कीची होती. पुढची काही मिनिटं ते गोडही बोलले नाहीत आणि कडूही.

"आई, ये अंकल माइक मांग रहे हैं," लतिकाताईंची मुलगी अवनी कुजबुजली. "मग आपले उखाणे?"

"माइक एक, कार्यक्रम दोन. ॲडजस्ट करू यार."

लतिकाताई मुलीला यार म्हणाल्या याची त्या गडबडीत कुणी नोंद घेतली नाही.

राणासाहेबांबरोबर आलेल्या स्टेनोने लॅपटॉप उघडला. वडी एका गालात सरकवून राणासाहेबांनी जाहीर केलं, "हर कोई माइक पर आए, अपना नाम, पति का नाम और अपनी आपत्ति, मतलब ऑब्जेक्शन, बताए."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"अगं बाई," सोलापूरच्या शमीम मुजावर म्हणाल्या, "म्हणजे उखाणाच की!"

यजमानीणबाईंनी सुरुवात करायची, असा रिवाज. लतिकाताईंनी माइक घेतला. तीस वर्षं तारेच्या मधोमध बसलेला आवाज पहिल्यांदाच स्वतःसाठी निघाला.

"हातामध्ये काठी, फेऱ्या घालतात तीन,
विश्वासरावांचं नाव घेते, सोडणार नाही जमीन!"

टाळ्या. स्टेनो गोंधळला. "सर, ये लिखूँ?"

"ऑन रिकॉर्ड बोला है," राणासाहेब हताशपणे म्हणाले. "लिखो."

शेजारच्या गुरमीत आंटी उठल्या. "नाम लेना है और तुक मिलानी है, बस? लो जी!

सरसों का साग और मक्के की रोटी,
बलवंत जी कहते हैं, पार्किंग की नीयत खोटी!"

मग रांगच लागली. उखाणे मल्याळममध्ये झाले, बंगालीत झाले. स्टेनोला कळत नव्हतं, पण तो ठेका धरून टाइप करत होता. एकीने नवऱ्याचं नाव घ्यायला नकार दिला, कारण दोघांचं भांडण चालू होतं. तिने कुत्र्याचं घेतलं. तेही रेकॉर्डवर गेलं.

आता नियम असा, की प्रत्येक आक्षेपाला लेखी आणि मुद्देसूद उत्तर दिल्याशिवाय योजना पुढे सरकत नाही. राणासाहेबांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण मक्याच्या रोटीला मुद्देसूद उत्तर त्यांना सुचेना. वरच्या साहेबांनाही सुचेना. त्यांच्याही वरचे साहेब म्हणे यमक जुळवायला बसले आणि 'पार्किंग'पाशी अडले. महिन्याभरात मैदानाच्या कुंपणावर कागद लागला: योजना रद्द, मैदान मैदानच राहील.

त्या संध्याकाळी सेक्टरने ढोल आणला. विश्वासराव ढोलाच्या पुढे चालले. ढोलवाला इतका सावकाश कधीच वाजवत गेला नव्हता, पण तीन फेऱ्या त्याने इमानदारीत पूर्ण केल्या.

गेटपाशी विश्वासराव थांबलेच नाहीत.

"अजून... एक," ते म्हणाले. झटक्यानंतर शब्दही काठी टेकतच यायचे.

"अहो, अंधार पडला."

"पडू दे."

दुसऱ्या दिवशी लतिकाताईंनी राणासाहेबांच्या कार्यालयाला अर्ज पाठवला.

"महोदय, मैदान राखल्याबद्दल आभार. माझे यजमान आता चौथ्या फेरीला लागले आहेत. परंतु ती पूर्ण होण्याआधीच दिवस मावळतो, आणि घाई आम्हा दोघांनाही जमत नाही. तरी आपल्या अखत्यारीतील क्षेत्रापुरता सूर्यास्त अर्धा तास पुढे ढकलण्यात यावा, ही नम्र विनंती."